फालतू आठवणी

कानातला दुभाषा उत्तम होता. तक्रार त्याच्याबद्दल नव्हतीच. तक्रार इनेसची होती आणि ती आज्जीबद्दल होती.

इनेस सहा वर्षांची, राहणार अँतोफागास्ता, देश चिली. तिची आज्जी त्रिशला मगदूम सदुसष्ट वर्षांची, राहणार जयसिंगपूर. दर रविवारी भिंतीवरच्या पडद्यावर दोघींची भेट व्हायची. नात स्पॅनिशमध्ये बोलायची आणि आज्जीच्या कानात मराठी पडायचं. आज्जी मराठीत बोलायची आणि तिकडे स्पॅनिश पोचायचं. यंत्र क्वचितच चुकायचं. पण नातीने गंमत केली की ती आज्जीपर्यंत दोन श्वास उशिरा यायची, आणि आज्जी हसेपर्यंत नातीचं लक्ष खिडकीतल्या समुद्रपक्ष्यावर गेलेलं असायचं.

"आज्जी नेहमी उशिरा हसते," इनेसने एकदा बापाला सांगितलं. दुभाष्याने तेही इमानेइतबारे त्रिशलाबाईंच्या कानात घातलं. काही गोष्टी तरी गाळाव्यात, एवढी अक्कल त्याला कुणी दिली नव्हती.

त्याच दिवशी इनेसने विचारलं, "माझा आबुएलो कसा होता?" आबुएलो म्हणजे आजोबा. भूपाल मगदूम जाऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हा ही पोर धड चालतही नव्हती. त्रिशलाबाई उत्साहाने सांगायला लागल्या. आज्जा मोटारी दुरुस्त करायचा, विहिरीवरच्या पंपांच्या, जळलेल्या मोटारींचं तांबं काढून नवी तार भरायचा. दुभाषा मागून येत होता. मधेच इनेस उठली आणि खेळायला गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली, आणि त्रिशलाबाई त्या खुर्चीला नवऱ्याबद्दल आणखी थोडा वेळ सांगत बसल्या, कारण थांबायचं कसं ते त्यांना कळेना.

त्या रात्री त्यांनी ठरवलं की ही भाषा आपल्या तोंडात आली पाहिजे.

पाणी, भाकरी, मी खाते, तू झोपतेस, एवढं त्यांना फोनवरच्या शिकवणीतून येत होतं. समोर दिसणाऱ्या जगाला तेवढं पुरतं. पण गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर भूतकाळ हवा, आणि स्पॅनिशचा भूतकाळ म्हणजे गाभण म्हैस, हलता हलत नाही. माणसागणिक क्रियापद बदलतं. वर त्यातली निम्मी कुठलाच नियम न पाळणारी: 'म्हणाला' म्हणजे 'दिहो', 'ठेवलं' म्हणजे 'पुसो', आणि 'गेला' व 'होता' या दोघांना मिळून एकच शब्द, 'फुए'. गेलेला आणि असलेला यांत फरक न करणारी माणसं संसार कसा करतात, असं त्रिशलाबाईंनी मुलाला विचारलं.

मुलगा सन्मती हसला. बापाने जन्मभर तांब्याची तार गुंडाळली आणि हा तांबं खणायला पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला गेला, तिथल्याच मार्सेलाशी लग्न करून राहिला. "आई, सांगलीत 'उजळणी' केंद्र निघालंय म्हणं. या वयात पाठांतर व्हायचं न्हाई. ते करून बघ."

"करतो की," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्या भागातल्या बायका 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

केंद्रात अस्मा मुजावर नावाची तरतरीत मुलगी होती. तिने त्यांच्यासमोर एक हलकी टोपी ठेवली, आतून बारीक बटणं असलेली.

"काकू, आपल्याला वाटतं आठवण म्हणजे कपाटातला फोटो. काढला, बघितला, परत ठेवला. तसं नसतं. आठवण काढली की ती मऊ होते. काही तास मऊ राहते आणि मग मेंदू ती नव्याने घट्ट करतो. म्हणजे आपण दर वेळी नवी आठवण ठेवत असतो, जुनी नाही."

"गुळागत?" त्रिशलाबाई म्हणाल्या. "ढेप तापवली की पातळ, गार झाली की परत ढेप."

"अगदी. आणि पातळ असताना वेलदोडा टाकला तर?"

"वेलदोड्याचा गूळ."

"हेच आमचं यंत्र करतं. वय झालेल्या मेंदूला नवा पाया घालणं जड जातं. पण जुनं घर पक्कं असतं, त्यावर मजला चढतो. तुम्ही एखादी जुनी गोष्ट आठवायची, मोठ्याने सांगायची. ती मऊ असताना टोपी मेंदूच्या नेमक्या भागाला हलके धक्के देते, आणि तीच गोष्ट स्पॅनिशमध्ये तुमच्या कानावर पडत राहते. आठवण घट्ट होताना ते शब्द आत धरून बसते. पाठ करावं लागत नाही. तुम्ही स्वतः जगलेलं कोण विसरणार?"

"आणि वेलदोडा परत काढायचा म्हटला तर?"

हा प्रश्न विचारणारे थोडे होते, पण उत्तर अस्माला सगळ्यांनाच द्यावं लागत असे. "निघत नाही, काकू. म्हणून एकच नियम. जपलेल्या आठवणी इथे आणायच्या नाहीत. फालतू आणा. बाजार, दळण, एस.टी.ची वाट बघणं. ज्यांची भाषा बदलली तरी तुमचं काही अडणार नाही, अशा."

त्रिशलाबाई शहाण्या बाई. घरी येऊन त्यांनी आठवणी निवडायला घेतल्या, तांदूळ निवडावेत तशा. लग्न बाजूला ठेवलं. सन्मतीचा जन्म बाजूला. बाहुबलीच्या महामस्तकाभिषेकाला सगळं घर ट्रकमधून श्रवणबेळगोळला गेलं होतं, ते बाजूला. वडील गेले तो दिवस बाजूला. ही सगळी ठेव. तिला हात लावायचा नाही.

उरलं काय? उरली भूपाल मगदुमाची बडबड.

ती कशी ते सांगायला हवं. मगदुमांच्या घरी पुढच्या खोलीत भूपालचं कामाचं टेबल होतं, मधल्या खोलीत सासूबाई आणि मागे स्वयंपाकघर. सासूबाई मधे बसून दोन्हीकडे लक्ष ठेवायच्या. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, नाव घेणं तर दूरच, असा त्या घराचा रिवाज. आणि सासूबाई नव्वदीपर्यंत जगल्या. तेव्हा भूपाल मोटारीशी बोलायचा. मान खाली, हातात तार, आणि आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा.

सकाळी सासूने सुनेला फैलावर घेतलं असेल, तर दुपारी टेबलावरून यायचं, "का गं बाई, एवढी तापलीस का? कुणी काय बोललं काय तुला? मनावर घेऊ नको. लाईन जुनी हाय, व्होल्टेज कमी-जास्त हुतंयच."

जेवण मनासारखं झालं की, "आज आमटी झालती बाई! तू खाल्ली असतीस तर करंटाबिगर चालली असतीस."

आणि त्रिशला माहेरी निघाली की, "जा बाई, जा शेतावर. खरं टेबल मोकळं असलं की माणसाला करमत न्हाई, एवढं ध्यानात ठेव म्हंजे झालं."

लेकी बोले सुने लागे म्हणतात; इथे मोटारीला बोले, बायकोला लागे. त्रिशलाही काही कमी नव्हती. ती तव्याला सांगायची, "ऐकलं म्हणावं. बहिरं कोण न्हाई हितं." आणि सासूबाई मधे बसून म्हणायच्या, "माझ्या भूपाल्याला येड लागलंय. यंत्रासंगं बोलतंय." त्यांना खरोखर कळत नव्हतं की कळून त्या गप्प बसत, देव जाणे.

पुढे सासूबाई गेल्या, मधली खोली रिकामी झाली, तरी भूपालची सवय गेली नाही. बायकोच्या तोंडाकडे बघून सरळ बोलायचं म्हटलं की त्याची जीभ अडखळायची. त्या घरात प्रेम हा शब्द कुणी उच्चारलेला नव्हता, त्यामुळे या बडबडीला प्रेम म्हणायचं हे कुणाला सुचलंही नाही. त्रिशलाबाईंना तर नाहीच. वेड्या नवऱ्याचा वेडेपणा, असं त्या हसून सांगत. फालतूच म्हणाना.

पहिले दोन दिवस त्यांनी बाजारहाट आठवला. कोथिंबीर घेतली, रिक्षा मिळाली नाही. यंत्राने स्पॅनिश ऐकवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळं विरून गेलं. जिथे मूळ आठवणीतच जीव नाही तिथे शब्द कशाला धरून बसतील? तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली आणि तापलेल्या मोटारीची गोष्ट सांगितली.

यंत्र विचारायचं, कोण बोललं? कुणाशी? भूतकाळाचं रूप पक्कं व्हायला माणसं नक्की लागतात. त्रिशलाबाई म्हणाल्या, "मोटारीशी." यंत्राला ते मान्य होईना. ऐकणारी व्यक्ती निवडा, असं ते शुद्ध मराठीत पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. समोर पर्याय आले: सासू, मुलगा, तुम्ही स्वतः.

"मलाच की. आणि कुणाला सांगत हुता?" त्रिशलाबाई वैतागून म्हणाल्या आणि त्यांनी 'तुम्ही स्वतः' वर बोट ठेवलं.

भूपालचा आवाज केंद्राने जुन्या लग्नसमारंभांच्या चित्रफितींवरून घेतला होता. डोळे मिटलेल्या त्रिशलाबाईंना टेबल दिसत होतं, व्हार्निशचा वास येत होता, आणि त्या वासातून तोच घोगरा आवाज आला. त्रिशला, तो स्पॅनिशमध्ये म्हणाला, तू रागावलीस का? तुला कुणी काही बोललं का?

सदुसष्टाव्या वर्षी त्यांच्या कानशिलापर्यंत लाली चढली. नवऱ्याने नाव घेतलं होतं. उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. अस्मा काचेपलीकडून बघत असेल म्हणून त्यांनी पदराने तोंड पुसल्यासारखं केलं, आणि यंत्राला म्हणाल्या, "परत एकदा."

मग त्या आमटीची गोष्ट घेऊन गेल्या. मग माहेरची. मग पुन्हा पहिली. प्रत्येक गोष्टीत भूपाल त्यांच्याशीच बोलायचा, नाव घेऊन, सरळ. एकेक आठवण एक-दोनदाच वापरा, असं अस्माने बजावलं होतं. त्रिशलाबाई घरून टोपी घालण्याची परवानगी काढून बसल्या आणि मोजदाद सुटली. लोक तीर्थाला जातात तशा त्या रोज टोपीकडे जायच्या. शिकणं हे आता निमित्त होतं.

पण शिकणं झालं, आणि झकास झालं. 'म्हणाला' आणि 'म्हणायचा' यांतला फरक तर त्यांना आयता मिळाला, कारण मराठीतही तो आहेच. एकदाच घडलेलं 'दिहो', रोज घडणारं 'देसीआ'. 'आब्लाबा', तो बोलायचा, हा शब्द त्यांना एवढा आवडला की भाजी चिरताना त्या तो गुणगुणायच्या.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी कानातला दुभाषा काढून टेबलावर ठेवला आणि इनेसला आज्जाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. आजोबा कामावर बसायचे, आज्जी चिडलेली असायची, आणि आजोबा विचारायचे. इनेस दोन्ही हातांवर हनुवटी टेकून ऐकत होती. आमटी खाऊन मोटार आपोआप चालेल, इथे ती खिदळली. त्याच क्षणी आज्जीही खिदळली. इनेस चमकून थांबली, पडद्याच्या अगदी जवळ आली आणि ओरडली, "ओत्रा!" आणखी एक.

इतका आनंद त्रिशलाबाईंना भूपाल गेल्यापासून झाला नव्हता. तो खोटा नव्हता. पुढे जे झालं त्यामुळे तो खोटा ठरत नाही, आणि म्हणूनच मला या बाईंना दोष द्यावासा वाटत नाही.

महिन्याभराने त्यांच्या नणंद वैजयंता कुरुंदवाडहून आल्या. चहा झाला. वैजयंताबाई म्हणाल्या, "वैनी, दादा मोटारीला काय म्हणायचा गं? काल नातवंडांना सांगाय बसलो आणि काय केल्या आठवंना. आई तुला बोलली की काहीतरी म्हणायचा बघ."

"म्हणायचा की," त्रिशलाबाई म्हणाल्या आणि तोंडातून स्पॅनिश आलं.

वैजयंताबाई बघतच राहिल्या. त्रिशलाबाई हसल्या. "सवय झाली बघा, वन्सं. थांबा." आणि त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य मराठीत आणलं. "म्हणायचा, त्रिशला, तू रागावली आहेस का? तुला कोणी काही बोललं का?"

"दादा?" वैजयंताबाईंनी कपबशी खाली ठेवली. "तुझं नाव घेऊन? आईसमोर? आणि असं पुस्तकातलं बोलाय दादा काय कलेक्टर हुता?" त्या मोकळेपणाने हसल्या. "तू बी म्हातारी झालीस, वैनी."

त्या गेल्यावर त्रिशलाबाई पुढच्या खोलीत येऊन बसल्या. डोळे मिटले. टेबल आलं, वास आला, दुपारचं ऊन आलं. भूपाल आला. त्याने मान वर केली, सरळ त्यांच्याकडे बघितलं आणि स्पॅनिशमध्ये विचारलं. त्यांनी आमटीचा दिवस काढून बघितला. तिथेही मान वर, तिथेही नाव. माहेरी जायचा दिवस काढला. तोच प्रकार. मोटार टेबलावर होती, पण तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. लाईन जुनी आहे की काय, व्होल्टेजचं काय, कशाचाही पत्ता नव्हता. तुम्ही-मी ती वाक्यं वर वाचली, म्हणून आपल्याकडे आहेत. ज्या एका बाईसाठी ती बोलली गेली तिच्याकडे आता नव्हती.

त्यांनी जुने फोन धुंडाळले. भूपालचे निरोप होते: "पोचलो." "ठेवतो." "वायरचं बंडल आलं काय बघ." चित्रफितींत तो अख्ख्या गावाला जेवून जायचा आग्रह करत होता. बायकोशी तो कुठेच बोलत नव्हता. कसा बोलेल, लोक होते ना.

दुसऱ्या दिवशी त्या सांगलीला गेल्या. अस्माने त्यांच्या उजळणीचा आलेख बघितला आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, मी सांगितलं होतं. फालतू आठवणीच आणा म्हणून."

"फालतूच आणल्या की, बाळ. मोटारीशी बडबडायचा, तेवढ्याच. चांगल्या सगळ्या जपून ठेवल्या. लग्न हाय, बाहुबलीचं दर्शन हाय, समदं हाय."

"लग्नात काका तुमच्याशी काय बोलले?"

"लग्नात नवरा कुठं बोलतोय?" त्रिशलाबाई म्हणाल्या. काय झालं ते त्यांना तिथे, त्या खुर्चीत कळलं. तिजोरीला कुलूप लावून त्या निर्धास्त होत्या, आणि दागिने स्वयंपाकघरात उघड्यावर होते. कुणी त्यांना दागिने म्हटलं नव्हतं, म्हणून त्यांनीही म्हटलं नाही.

"परत करता येत न्हाई?"

अस्माने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पोर भली होती. "त्यांचं काही उरलंय का, काकू? टोपीत न आणलेलं?"

"एक हाय. दवाखान्यातलं." त्रिशलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "त्याच्याकडं मी अजून बघितलंच न्हाई. धीर झाला न्हाई."

"म्हणून वाचलंय ते. आता नीट ऐका. ते कुणाला तरी मराठीत सांगून टाका. आणि स्पॅनिशमध्ये एकदाही नको, सांगायचं नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचंही नाही. तुमच्या मेंदूला आता ती वाट पडलीय. एकदा उतरलं की तिकडंच जाईल." तिने जरा घुटमळत विचारलं, "आत्ता इथे बोलता? मी रेकॉर्ड करून देते."

त्रिशलाबाईंनी टोपीकडे बघितलं. "यंत्राला सांगून बघितलं की एकदा," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

ते सन्मतीलाच सांगायला हवं होतं. बाप गेला तेव्हा तो विमानात होता. घरी पोचला तो थेट सांत्वनाच्या गर्दीत, आणि बाप शेवटी काय म्हणाला हे त्याने आईला तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

जानेवारीत त्या अँतोफागास्ताला पोचल्या. मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र आणि मधे चिंचोळं गाव. सन्मतीचं घर अकराव्या मजल्यावर होतं. मार्सेलाशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. सासू-सुना स्वयंपाकघरात समोरासमोर उभ्या राहून जे वाटेल ते सरळ बोलत, आणि त्रिशलाबाईंना दर वेळी त्याचं नवल वाटे. इनेस तर त्यांना सोडायलाच तयार नव्हती. तिला सगळ्या गोष्टी पाठ झाल्या होत्या. म्हणून तिला नवी हवी होती.

"आबुएलो मेला त्या दिवशी काय म्हणाला?" तिने विचारलं. पोरांना आडवळण नसतं.

"उद्या सांगते," त्रिशलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाल्या. ज्या पोरीशी बोलता यावं म्हणून एवढं केलं, तिलाच टाळत त्या घरभर फिरायला लागल्या.

रविवारी मार्सेला आईकडे गेली होती. दुपार कलली होती. तिघं कोचावर बसली होती आणि इनेसने पुन्हा तेच काढलं. सन्मतीने तिला दटावलं, मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "आई, मी बी कधी विचारलं न्हाई तुला. भ्या वाटायचं."

"सांगतो," त्रिशलाबाई म्हणाल्या. "खरं आपल्या भाषेत सांगणार. आणि एकदाच. नीट ऐकून ठेव, माझ्यापाशी राहील का न्हाई ठाऊक न्हाई."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. मुलाच्या तोंडाकडे बघत त्या सांगायला लागल्या.

"सांजचं टायम हुतं. खोलीत दुसरं कोण न्हाई. उशापाशी ते टिकटिक करणारं मशीन. मी सकाळपासनं काय खाल्लं नव्हतं, आणि आपल्यात दिवस मावळल्यावर जेवत न्हाईत, ते त्यांच्या ध्यानात हुतं. मला काय बोलले न्हाईत. मान मशिनीकडं केली आणि म्हणाले..."

मग आवाज आला तो त्यांचाच, पण बोलणं भूपाल मगदुमाचं होतं, जसंच्या तसं, दमाने तुटत तुटत.

"'बाई, तुझं वायंडिंग झकास हाय. खरं तुझ्यापरास चांगली एक आमच्या घरात हाय. चाळीस वर्सं लोड वडला, एकदाबी जळाली न्हाई. तिला म्हणावं, दिवस मावळाय लागलाय, जेवून घे. माझी वाट बघत बसू नको.'"

सन्मतीने तोंडावर हात घेतला.

"मी सलाईनच्या दांडीला सांगितलं, 'जेवतो म्हणावं.' खाली जाऊन दोन घास खाल्ले. वर आलो तवा मशीन बंद केलेलं हुतं."

सन्मती लहान मुलासारखा रडत होता आणि त्रिशलाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. इनेस एकदा बापाकडे बघत होती, एकदा आज्जीकडे. काहीतरी मोठं घडलं होतं आणि ते तिच्या डोक्यावरून गेलं होतं.

"के दिहो?" तिने आज्जीचा हात ओढला. काय म्हणाला? "आज्जी, के दिहो एल आबुएलो?"

वाक्य तयार होतं. त्रिशलाबाईंच्या जिभेवर ते आपणहून येऊन बसलं होतं, सगळी क्रियापदं भूतकाळात, एकही चूक नसलेलं. त्यांनी दात घट्ट मिटले. इनेसचे डोळे भरून आले. आज्जीने तिला कधी उत्तर दिलं नाही असं झालंच नव्हतं.

"सांग की तिला, आई," सन्मती डोळे पुसत म्हणाला. "तू किती चांगलं सांगतीस."

"तू सांग."

"मला तुझ्यासारखं..."

"तूच सांग. तिला कळाय पायजे, तिचा हक्क हाय. जरा थांब, आधी मला भाईर जाऊ दे."

त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि मागे काचेचं दार ओढून घेतलं. खालच्या रस्त्याचा आवाज सोडला तर आता काही ऐकू येत नव्हतं. काचेतून दिसत होतं, सन्मतीने पोरीला मांडीवर घेतलं होतं आणि तो बोलत होता. इनेस ऐकता ऐकता एकदम वळली, मांडीवरून उतरली आणि धावत दारापाशी आली. काचेवर तळहात आपटत ती आज्जीला काहीतरी सांगायला लागली. तिच्या ओठांवरची स्पॅनिश वाचता येईल या धास्तीने त्रिशलाबाईंनी तोंड समुद्राकडे फिरवलं.